नागऱ्यापर्यंत पोचणारं प्रदर्शन

मुंबईच्या जहांगीर आर्ट गॅलरीतलं प्रदर्शन मंगळवारी लागतं आणि पुढच्या सोमवारी संध्याकाळी उतरतं. चित्रकाराने त्या तारखेसाठी वर्षंच्या वर्षं वाट पाहिलेली असते, फ्रेमवाल्याचं बिल भागवलेलं असतं, टेम्पोत घालून चित्रं आणलेली असतात; आणि हा सगळा खटाटोप सात दिवसांचा. मुंबईत राहणाऱ्यालाही त्या आठवड्यात काळा घोड्याला जायला जमेलच असं नाही. मग विदर्भ एक्सप्रेसच्या शेवटच्या स्टेशनावर, जवळजवळ हजार किलोमीटरवर असलेल्या गोंदियाचं काय? आणि गोंदियाला लागून असलेल्या नागऱ्याचं? नागऱ्याला लोक येतात ते शिवमंदिरासाठी, महाशिवरात्रीच्या गर्दीत. तिथल्या सातवीतल्या मुलीला आजचं चित्र बघायचं असेल, तर तिच्यापर्यंत चित्र पोचणार नाही. पोचलं तर चित्राबरोबर छापलेलं पुस्तक पोचेल.

प्रदर्शनाबरोबर जे छापलं जातं त्याला आपण सरसकट कॅटलॉग म्हणतो. त्यात बरंच काही येतं. घडी घातलेलं ब्रोशर, हातात धरून फिरायची छोटी मार्गदर्शिका, लेखांसकट जाडजूड ग्रंथ आणि अलीकडे मुलांसाठी वेगळं पुस्तक. मुलांचं पुस्तक सगळ्यांत शेवटी सुचतं आणि पैसे कमी पडले की सगळ्यांत आधी गळतं. माझ्या मते क्रम उलटा हवा. आपण भिंतीवर जे टांगलंय ते नेमकं काय आहे, हे दहा वर्षांच्या मुलाला चार वाक्यांत सांगता आलं नाही, तर मोठ्यांसाठी लिहिलेल्या चाळीस पानी लेखातही ते सापडण्याची शक्यता कमीच.

कॅटलॉग या प्रकाराची सुरुवात अगदी साध्या गरजेतून झाली. पॅरिसमध्ये राजाश्रयाने भरणाऱ्या ‘सालों’ प्रदर्शनाची पहिली छापील पुस्तिका 1673 ची. तिच्यात चित्रांची यादी होती. पुढच्या काळात तर चित्राखाली फक्त आकडा असे. नाव, चित्रकार, विषय हे हवं असेल तर पुस्तिका विकत घ्या. पुढे 1855 मध्ये चित्रकार गुस्ताव कुर्बे याने अधिकृत प्रदर्शनाशी फारकत घेऊन स्वतःचा मंडप उभारला, तेव्हा त्याच्या कॅटलॉगमध्ये यादीच्या आधी त्याची भूमिका छापली. तेव्हापासून यादीच्या पुस्तिकेत जाहीरनामा शिरला तो शिरलाच.

आपल्याकडेही तसंच. मुंबईत 1949 साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपने प्रदर्शन भरवलं, त्याच्या कॅटलॉगमध्ये सूझा यांनी आशय आणि तंत्र या दोन्हींबाबत आम्ही मोकळे आहोत असं ठणकावून सांगितलं. या ग्रुपच्या सहा जणांत सूझा गोव्याचे. ह. अं. गाडे अमरावतीकडच्या तळेगाव दशासरचे. आणि सय्यद हैदर रझा मंडला जिल्ह्यातल्या बाबरियाचे, शिकायला नागपूरच्या कलाशाळेत. गोंदियाच्या माणसाने मंडल्याचं नाव ऐकलेलं असतंच. इथून बालाघाट, नैनपूरवरून जबलपूरला जाणारी छोटी लाइन आता मोठी झाली, पण नैनपूरहून मंडल्याला फुटणारा फाटा तोच आहे. भारतीय आधुनिक चित्रकलेची गोष्ट सांगताना मुंबई, दिल्ली, पॅरिस अशी स्टेशनं घेतली जातात. या गाडीत बसलेली काही माणसं चढली होती ती मात्र आपल्या भागातून.

याच गोष्टीतलं एक प्रकरण मला फार आवडतं, कारण ते जवळजवळ पूर्णपणे छापील कागदांवरून पुढे सरकतं.

1962 मध्ये बारा चित्रकार-शिल्पकार भावनगरला एका घरात जमले. घराचा नंबर 1890, म्हणून त्यांनी गटाला तेच नाव दिलं. गटात ज. स्वामिनाथन होते, जेराम पटेल, गुलाम मोहम्मद शेख, हिंमत शाह, ज्योती भट्ट होते आणि आपल्या अकोल्याचे अंबादास खोब्रागडे होते. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर 1963 मध्ये, दिल्लीच्या रवींद्र भवनात प्रदर्शन झालं. उद्घाटनाला पंडित नेहरू. कॅटलॉगमध्ये गटाचा जाहीरनामा आणि मेक्सिकोचे तेव्हाचे राजदूत, कवी ऑक्ताव्हिओ पाझ यांचा लेख. एवढं झालं आणि गट विखुरला. दुसरं प्रदर्शन झालंच नाही. अंबादास पुढे नॉर्वेला गेले आणि 2012 मध्ये ऑस्लोत वारले. चित्रं घरोघरी, देशोदेशी पांगली. पण ती पुस्तिका राहिली. 2016 मध्ये दिल्ली आर्ट गॅलरीने याच गटावर प्रदर्शन केलं, त्याबरोबर भलामोठा ग्रंथ काढला. पन्नास वर्षांनी कुणाची कुठली चित्रं, गट काय म्हणत होता, हे जुळवायला अशा वेळी छापील ओळींचाच आधार असतो.

गोष्ट इथे संपत नाही. याच गटातल्या स्वामिनाथन यांच्याकडे 1982 साली भोपाळला सुरू झालेल्या भारत भवनातलं ‘रूपंकर’ हे कलासंग्रहालय आलं. त्यांनी तरुण चित्रकारांना मध्य प्रदेशातल्या खेड्यापाड्यांत पाठवलं. त्यातल्या काहींना पाटनगढ गावी मातीच्या भिंतीवर काढलेली चित्रं दिसली आणि जनगढसिंह श्याम सापडला. पाटनगढ आज दिंडोरी जिल्ह्यात, तेव्हा मंडल्यात. जनगढ परधान गोंड. परधान हे गोंडांचे गायक. बाना हे तंतुवाद्य वाजवत देवांच्या, पूर्वजांच्या कथा गायच्या हे त्यांचं पिढीजात काम. जनगढने त्या गाण्यांतले देव कागदावर आणले, ठिपक्यांनी आणि बारीक रेघांनी भरून काढले. 1987 मध्ये भारत भवनने ‘द पर्सीव्हिंग फिंगर्स’ हे स्वामिनाथन यांचं पुस्तक काढलं. संग्रहाची ओळख करून देताना ते त्यात एक वाद घालतात. आदिवासी कलाकार आज, आपल्यासोबत जगतो आणि काढतो, मग तो ‘समकालीन’ का नाही? 1989 मध्ये जनगढची चित्रं पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्राच्या ‘मॅजिशियन द ला तेर’ या प्रदर्शनात होती. आणि 1998 मध्ये दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियममध्ये ज्योतींद्र जैन यांनी ‘अदर मास्टर्स’ हे प्रदर्शन आणि त्याचं पुस्तक केलं. पाच कलाकार. त्यात जनगढ होता आणि डहाणूकडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसेही होते. ‘लोककला’ म्हटलं की कलाकाराचं नाव द्यायचं नाही ही जुनी खोड. या पुस्तकाने नाव, चरित्र, शैली असं सगळं दिलं. हे काम भिंतीवरच्या पाटीने झालं नसतं.

जनगढचा पुतण्या भज्जू श्याम. लंडनच्या एका भारतीय हॉटेलच्या भिंती रंगवायला तो गेला, दोनेक महिने राहिला आणि परत येऊन जे दिसलं ते त्याने गोंडी पद्धतीने काढलं. विमान म्हणजे उडणारा हत्ती. भुयारी रेल्वे म्हणजे जमिनीखालचा भलाथोरला गांडूळ. बिग बेनचं घड्याळ आणि पहाटे वेळ सांगणारा कोंबडा एकमेकांत मिसळलेले. संध्याकाळ झाली की पबमध्ये गर्दी करणारे इंग्रज म्हणजे वटवाघळं. चेन्नईच्या तारा बुक्सने त्याचं ‘द लंडन जंगल बुक’ 2004 मध्ये छापलं. हे मुलांचं पुस्तक की मोठ्यांचं, असं विचारलं तर उत्तर देता येत नाही, आणि तेच चांगलं आहे. इंग्रज आपल्या जंगलांत येऊन पुस्तकं लिहून गेले, त्या हिशेबाची ही एक छोटीशी परतफेडही आहे.

दोन वर्षांनी, 2006 मध्ये, याच प्रकाशनाने भज्जू श्याम, दुर्गाबाई आणि रामसिंह उर्वेती यांचं ‘द नाइट लाइफ ऑफ ट्रीज’ काढलं. काळा हातकागद, त्यावर एकेक रंग वेगळ्या जाळीतून हाताने दाबून उतरवलेला. पान जवळ धरलं की शाईचा वास येतो आणि बोट फिरवलं की शाईचा थर हाताला लागतो. 2008 मध्ये बोलोन्याच्या बालपुस्तक मेळ्यात त्याला पुरस्कार मिळाला. 2017 मध्ये तर तोक्योच्या इताबाशी कला संग्रहालयात तारा बुक्सच्या पुस्तकांचंच प्रदर्शन लागलं. प्रदर्शनाचं पुस्तक होतं हे ठीकच. इथे पुस्तकांचं प्रदर्शन झालं.

पुस्तक हेच प्रदर्शन, ही कल्पना त्याआधीची. न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शनं भरवणाऱ्या सेथ सीगेलॉब याने 1968 मध्ये सात कलाकारांना प्रत्येकी पंचवीस पानं दिली आणि त्या पानांपुरतंच काम करा म्हणून सांगितलं. ते पुस्तक ‘झेरॉक्स बुक’ म्हणून ओळखलं जातं. गंमत म्हणजे तेव्हा झेरॉक्स इतकी महाग होती की ते ऑफसेटवर छापावं लागलं. आपल्याकडे दयानिता सिंह यांनी छायाचित्रांच्या घडीच्या पुस्तिका अशा केल्या, की त्या उलगडून टेबलावर उभ्या केल्या की घरात प्रदर्शन तयार. ‘म्युझियम भवन’ हा त्यांचा 2017 चा संच त्याच जातीचा.

आता थोडं कारखान्यात शिरू. कॅटलॉग करायला बसलं की पहिली अडचण रंगाची. चित्राचा फोटो काढताना दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश टाकतात, शेजारी रंगपट्टी ठेवतात, प्रूफ आलं की ते मूळ चित्राशेजारी धरून पाहतात. तरीही छपाई चार शायांची: निळसर, किरमिजी, पिवळी, काळी. त्यांच्या मिश्रणात काही भडक नारिंगी, काही गर्द निळे बसतच नाहीत. रझांचा तापलेला लाल कागदावर थोडा निवतो. वासुदेव गायतोंडे यांच्यासारख्याचं तर आणखी कठीण. रोलर आणि सुरी वापरून रंगाचे पातळ थर एकावर एक चढवायचे, काही खरवडून काढायचे. आतून येणारा तो उजेड छापील पानावर सपाट होतो.

दुसरी अडचण मापाची. पुस्तकात सहा फुटी चित्र आणि वीतभर चित्र एकाच आकाराचं दिसतं. म्हणून प्रत्येक चित्राखाली ती कंटाळवाणी ओळ असते: कलाकार, शीर्षक, वर्ष, माध्यम, उंची, रुंदी, कुणाच्या संग्रहातून. संशोधकाला ती ओळ सोन्यासारखी, मुलाला निरुपयोगी. ‘183 सेंटीमीटर’ वाचून त्याच्या डोळ्यांसमोर काही येत नाही. मुलांच्या चांगल्या पुस्तकात तिथे एक माणूस काढून ठेवतात, चित्राच्या खांद्याला खांदा लावून.

तिसरी वेळेची. पुस्तक उद्घाटनाच्या दिवशी हवं, म्हणजे काही आठवडे आधी छापायला गेलं पाहिजे. पण समकालीन कलेतलं अर्धं काम त्या जागेवरच उभं राहतं. छापायच्या वेळी ते अस्तित्वातच नसतं. त्यावर तोड म्हणजे आधी छोटी मार्गदर्शिका आणि प्रदर्शन लागल्यावर, फोटो काढून, मोठा ग्रंथ.

जर्मनीतल्या कासेल गावी 1955 पासून भरणारं ‘डॉक्युमेंटा’ घ्या. आता ते पाच वर्षांनी भरतं. 2022 चं पंधरावं डॉक्युमेंटा इंडोनेशियाच्या ‘रुआंगरुपा’ या गटाकडे होतं. त्यांनी हँडबुक काढलं, मासिक काढलं, वेगवेगळ्या देशांच्या लेखकांच्या कथांचं पुस्तक काढलं, आणि मुलांना घेऊन येणाऱ्या घरांसाठी वेगळी सचित्र मार्गदर्शिकाही काढली. एकाच प्रदर्शनाला चार दारं. कुणाला कुठल्या दाराने यायचं ते त्याने ठरवावं.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाची पद्धत वेगळी. 2014 मध्ये तिथे चित्रकार मातीसच्या कातरकामाचं मोठं प्रदर्शन लागलं, तेव्हा मुलांसाठी ‘मातीसेज गार्डन’ निघालं. मातीसचा जन्म कधी, शिक्षण कुठे, यातलं काही सुरुवातीला नाही. म्हातारा माणूस पांढऱ्या कागदातून एक पक्षी कापतो आणि भिंतीवर लावतो. तो एकटा दिसतो म्हणून आणखी कापतो. पान उलगडलं की मातीसचं खरं काम समोर पसरतं. पुढच्या वर्षी जेकब लॉरेन्सच्या प्रदर्शनाबरोबर हार्लेममध्ये वाढणाऱ्या छोट्या जेकबची गोष्ट आली. दोन्ही पुस्तकांत चित्रकार आधी काहीतरी करताना दिसतो, थोर वगैरे नंतर ठरतो.

आपल्याकडे मुलांसाठी कला म्हटलं की ‘रंग भरा’ पुस्तक पुढे येतं. प्रसिद्ध चित्राची बाह्यरेषा छापायची आणि मुलाला रेषेच्या आत राहायला सांगायचं. मला हा प्रकार मुलांचा आणि चित्रकाराचा, दोघांचा अपमान वाटतो. गायतोंडे यांच्या नंतरच्या चित्रांत तर बाह्यरेषाच नाही. तिथे हे पुस्तकवाले काय छापणार? त्यापेक्षा मुंबईच्या आर्टफर्स्ट या संस्थेचं ‘रझाज बिंदू’ पाहावं. चंचल शाळकरी पोराला मास्तरांनी भिंतीवर एक ठिपका काढून दिला आणि त्याच्याकडे बघत बस म्हणून सांगितलं, हा रझांनी आयुष्यभर सांगितलेला प्रसंग. शाळा मंडल्याकडची. तो ठिपका 2023 मध्ये पॉम्पिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनापर्यंत गेला. नागऱ्याच्या शाळेतल्या मुलाला हा चित्रकार परका वाटायचं कारणच नाही.

परकी वाटते ती भाषा. गायतोंडे 1924 साली नागपुरात जन्मले. 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन लागलं, कॅटलॉग अर्थात इंग्रजीत. तिथे ते रास्तच. पण मुंबईत लागलेल्या मराठी चित्रकाराच्या प्रदर्शनाचंही ब्रोशर बहुधा इंग्रजीतच असतं, आणि तेही असं, की ते वाचून चित्र आधी होतं त्याहून लांब जातं. मराठीत लिहिणारे नव्हते असं नाही. प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ मौजेने 1990 मध्ये काढलं. चित्रकाराने स्वतःच्या डोक्यात काय चालतं ते इतक्या स्वच्छ मराठीत लिहावं हे दुर्मीळच. त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन 2019 मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात लागलं.  सतीश नाईक यांनी ‘चिन्ह’ या कलाविषयक नियतकालिकाचे अंक आणि गायतोंडे यांच्यावरचा मराठी ग्रंथ काढला. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेला ‘दृश्यकला’ हा चरित्रकोशाचा खंड 2013 मध्ये आला. मुलांसाठी माधुरी पुरंदरे यांचं ‘चित्रवाचन’ आहे. म्हणजे भाषा तयार आहे, लिहिणारे आहेत. प्रदर्शन भरवणाऱ्याच्या अंदाजपत्रकात ‘मराठी पुस्तिका, मुलांसाठी’ ही ओळ मात्र क्वचितच येते.

दुसरीकडे, महाराष्ट्रातल्या शाळा दरवर्षी मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना बसवतात. गोंदियातही बसवतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र. पेन्सिलीला टोक, रंगाची पेटी, दहावीला वाढीव गुण. काढायला शिकवतो, बघायला फारसं शिकवत नाही. परीक्षा पास झालेल्या मुलाला अंबादास आपल्या विदर्भातले, हे कुणी सांगितलेलंच नसतं.

ही कसर बाहेरून कुणी भरून काढेल याची वाट पाहायची गरज नाही, कारण मराठी शाळेला एक जुनी सवय आहे: हस्तलिखित. स्नेहसंमेलनात मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन लागतंच. त्याला हस्तलिखिताच्या धर्तीवर स्वतःचं पुस्तक जोडता येईल. एक ए-थ्री कागद घ्या. लांबीत एकदा दुमडा, मग आडवे चार भाग करा. आठ चौकटी होतात. कागद उघडून मधल्या दोन भागांत, लांबीच्या घडीवर, एक चीर द्या. पुन्हा लांबीत दुमडून दोन्ही टोकं आत ढकलली की चीर उघडते आणि पोस्टकार्डाएवढं आठ पानी पुस्तक तयार होतं. सगळी छपाई कागदाच्या एकाच बाजूला, म्हणून झेरॉक्सवाल्याकडे एका फेरीत काम होतं. काळी-पांढरी झेरॉक्स रंग खाऊन टाकते, तेव्हा रेघांची, ठिपक्यांची चित्रं निवडावीत. भज्जू श्यामची रेघ झेरॉक्सवरही टिकेल. मुखपृष्ठ आणि मागचं पान सोडून सहा पानं उरतात, म्हणजे सहा चित्रं.

प्रत्येक चित्राखाली ती कंटाळवाणी ओळ लिहायला लावावी, कारण ती लिहिताना मुलाला पहिल्यांदा ठरवावं लागतं की चित्राचं नाव काय, ते कशाने काढलं, केवढं आहे. त्याखाली दोन वाक्यं, घरच्या बोलीत. पोवारीत, झाडीबोलीत, गोंडीत, हिंदीत, जी असेल तिच्यात. ही दोन वाक्यं शिक्षकांनी दुरुस्त करू नयेत. मागच्या पानावर गाव, शाळा, महिना आणि साल, किती प्रती काढल्या तो आकडा, आणि झेरॉक्सचा खर्च भागेल एवढी किंमत. प्रती पालकांना विकाव्यात, फुकट वाटू नयेत; दोन शाळेच्या कपाटात ठेवाव्यात आणि एक गोंदियाच्या वाचनालयात नोंद करून द्यावी.